पारख कोणाच्या हाती?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. अमेरिकेच्या टांकसाळीने पहिले सेंट चलनात आणले तेही याच शहरातून, १७९३ साली. २३२ वर्षांची ही परंपरा साध्या हिशेबापायी थांबली. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता, आणि असे नाणे पाडत राहणे कोणत्याच सरकारला परवडणारे नाही. मात्र पाडणे थांबल्याने सेंट संपलेला नाही. अब्जावधी सेंट आजही घरोघरच्या बरण्यांत आणि दुकानांच्या गल्ल्यांत आहेत, आणि ते कायदेशीर चलन आहेत. त्यांतले कधीच न खर्चलेले, संग्राहकांच्या भाषेत ‘अनसर्क्युलेटेड’, सेंट आता लोक वेगळे काढून ठेवतील. मग प्रत्येक नाण्यापाशी तोच प्रश्न येईल: याची प्रत काय, आणि ती ठरवायची कोणी?

प्रश्न छंदाचा वाटतो, पण तो पैशाइतकाच जुना आहे. आपल्याकडे तो पोतदार आणि सराफ सोडवत. पेशवाईत एकाच बाजारपेठेत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये फिरत. कोणता झिजला, कोणत्यात हीण जास्त, हे पाहून पोतदार बट्टा ठरवी. त्याच्या एका शब्दावर रयतेने आणलेला सारा पुरा भरे किंवा कमी पडे. म्हणून तर ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी आजही आहे; त्याचा मूळ बट्टा कित्येकांना ठाऊक नसेल एवढेच. तो बट्टा धातूचा होता. रुपयावर ओरखडे किती आहेत याच्याशी पोतदाराला कर्तव्य नव्हते, चांदी किती उरली याच्याशी होते.

अमेरिकन सेंटच्या बाबतीत हे गणित पार बदलले. तिथे धातूची किंमत गौण ठरली आणि ठशाचे टिकलेले रूप हीच किंमत झाली. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १७९३ ते १८१४ या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० गुणांची मोजपट्टी दिली. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ; माणसांच्या शरीरयष्टीलाही त्यांनी अंक दिले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. जेमतेम ओळखू येणारे नाणे एका डॉलरला जात असेल, तर त्याच जातीचे टांकसाळीतून नुकते निघाल्यासारखे नाणे सुमारे सत्तर डॉलरला जाते, म्हणून सर्वोच्च गुण सत्तर. पुढे बाजारभाव वर गेले, हे गुणोत्तर कोलमडले, तरी अंक मात्र राहिले. १९७७ साली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने त्याच मोजपट्टीवर सगळ्या अमेरिकन नाण्यांसाठी नियमावली काढली. जुन्या तांब्याच्या नाण्यांच्या एका दशकातल्या भावांवरून बेतलेला अंक आज जस्ताच्या सेंटला चिकटवला जातो, हे विसरता कामा नये.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. माझ्यासमोर १९८६ चा एक सेंट आहे. सालाखाली डेन्व्हरच्या टांकसाळीचे ‘डी’ अक्षर. नाणे कडेने, दोन बोटांत धरायचे. दिवा एकच ठेवायचा आणि त्याखाली ते सावकाश कलते करायचे. प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरला, तर झळाळी अस्सल. घासून आणलेल्या चकाकीत तो पट्टा फिरत नाही. ठसा दाबला जाताना धातू कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांवरून प्रकाश परततो आणि ही झळाळी दिसते. कोणी नाणे घासले की त्या रेषा जातात, मग ते कितीही चकचकीत दिसो.

दुसरी पायरी झिजेची. सेंटवरच्या लिंकनच्या गालाचे हाड आणि जबडा हे नाण्याचे सर्वांत उंच भाग. हाताळलेल्या नाण्यावर झळाळी तिथेच आधी मरते. झीज दिसली की नाणे साठाच्या खाली गेले, बाकी कितीही देखणे असो. झीज नसेल तर साठ ते सत्तर. इथून खरी कसोटी लागते, कारण माणसाचा हात लागण्याआधीच यंत्राने या नाण्याला मारलेले असते. ठसा मारणाऱ्या यंत्रातून ते हौदात पडते, मोजणीच्या यंत्रातून जाते, हजारोंच्या पिशवीत आदळत बँकेपर्यंत पोहोचते. माझ्या सेंटवर लिंकनच्या गालावर एक तिरपी खोच आहे, नखाच्या टोकाएवढी. खांद्यापाशी एक इवलासा फुगवटा आहे. १९८२ पासून सेंटचा गाभा जस्ताचा आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याखाली हवा अडकली की असा फोड येतो, आणि तो फुटला तर आतले जस्त कुजू लागते. रंग अजून ताज्या तांब्यासारखा लाल आहे. मी याला ६४ देईन. तीच खोच कोटाच्या घड्यांत लपली असती, तर ६५ दिले असते. दुसरा जाणकार आजही ६५ म्हणेल, आणि त्याला मी खोटा ठरवणार नाही.

एका गुणाचा हा फरक पूर्वी दोन माणसांमधल्या चर्चेत मिटे. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या उभ्या राहिल्या. नाणे प्लास्टिकच्या पेटीत बंद करून त्यावर त्या अंक छापू लागल्या. त्याआधी नवख्या गिऱ्हाइकाला साठाचे नाणे पासष्टचे म्हणून विकणारे व्यापारी कमी नव्हते. त्या फसवणुकीला या पेट्यांनी चांगलाच आळा घातला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यातून नवी सवय लागली. लोक नाणे पाहण्याआधी लेबल वाचू लागले. पेटी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवायचे आणि जास्त गुण मिळतात का ते पाहायचे, हा धंद्याचाच भाग झाला. नाणे तेच आणि अंक वेगळा, असे होऊ शकते याचा अर्थ स्वच्छ आहे: अंक हे मत आहे, जाणत्या माणसाचे असले तरी मतच.

आणि मताची किंमत ते देणाऱ्याच्या सचोटीवर ठरते. याचा सर्वांत कडू दाखला खुद्द शेल्डन यांनीच ठेवला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे सेंट त्यांनी ठेवल्याचे पुढे उघडकीस आले, आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्यांची नजर अचूकच होती. म्हणूनच कोणते नाणे उचलायचे हे त्यांना कळले. पारख किती सूक्ष्म आहे यावर विश्वास ठेवून भागत नाही. तिच्यावर इतरांचीही नजर असावी लागते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रमाणपत्र देणाऱ्यांनी अंकाबरोबर कारणही लिहावे: खोच कुठे, फोड कुठे, झळाळी कशी. तसे केले तर घेणाऱ्याला ते स्वतः पडताळता येईल आणि पडताळता पडताळता तो शिकेल. संग्राहकांच्या मंडळांनी नव्या मुलांच्या हाती भावांची यादी देण्याआधी भिंग आणि दिवा द्यावा. जी पारख चार बंद खोल्यांत राहते, तिची चूकही तिथेच राहते. पोतदाराचा बट्टा निदान बाजारात, चारचौघांदेखत लागत असे. ज्याला पटला नाही तो दुसऱ्या सराफाकडे जाऊ शके.

चलनात आता नव्या सेंटची भर पडणार नाही. जे आहेत तेवढेच आहेत, आणि त्यांतले न वापरलेले वर्षागणिक कमी होतील. कुणाचा मुलामा फुटेल, कुणावर बोटाचा ठसा काळा पडेल. कधी असा एखादा पेटीबंद सेंट तुमच्या हाती आला, तर लेबलावर अंगठा ठेवा, पेटी दिव्याखाली कलती करा आणि लिंकनचा गाल पाहा. काय दिसले ते स्वतःशी म्हणा, मग अंगठा उचला.