धोक्याचा नकाशा कामगाराच्या हाती द्या

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री केरळच्या इडुक्की जिल्ह्यात पेट्टिमुडी येथे डोंगर खचला आणि चहामळ्यातील कामगारांच्या चाळी माती-दगडांखाली गाडल्या गेल्या. सत्तर माणसे गेली. त्यांत बहुतेक तमिळ भाषक मळा-कामगार आणि त्यांची मुलेबाळे होती. ३० जुलै २०२४ रोजी उत्तररात्री वायनाडमधील मुंडक्कै व चूरलमला या वस्त्या दरडीखाली सापडल्या आणि अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथेही मळा-कामगारांची घरे दरडीच्या वाटेत होती. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी दार्जिलिंग-मिरिकच्या चहाच्या डोंगरांत पुन्हा तेच घडले. प्रत्येक वेळी शोकसंदेश निघतात, मदत जाहीर होते आणि 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार' असे सांगून विषय संपवला जातो. आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

दरड कुठे कोसळू शकते आणि कधी कोसळू शकते, याचे ज्ञान आज पूर्वीपेक्षा खूपच पुढे गेले आहे. अनेक दिवसांच्या पावसाने उतारावरील माती पाणी पिऊन जड होते, कणांमधील पाण्याचा दाब वाढून तिची पकड सैल होते आणि मग एका जोरदार सरीचे निमित्त पुरते. उताराचा अभ्यास आणि पावसाचा अंदाज एकत्र केला तर धोक्याचे दिवस आधी ओळखता येतात. यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण, ब्रिटनचे हवामान खाते, इटलीतील संशोधन संस्था आणि आपल्याकडील अमृता विद्यापीठ यांनी मिळून 'लँडस्लिप' हा प्रकल्प राबवला. त्यासाठी दार्जिलिंग आणि निलगिरी हे दोन भाग निवडले गेले. दोन्ही चहाचे. २०२० च्या पावसाळ्यापासून तेथील जिल्हा प्रशासनांना प्रायोगिक इशारापत्रके जाऊ लागली. १९ जुलै २०२४ रोजी कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. त्यानंतर अकराव्या दिवशी वायनाड घडले.

शास्त्रज्ञांच्या या सहकार्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्ञानाला सरहद्द नसावी, हे कामगार चळवळीने नेहमीच मानले आहे. पण या सहकार्यात ज्याच्या डोक्यावर डोंगर आहे तो कुठे आहे? पत्रक कलेक्टर कचेरीपर्यंत जाते. तेथून मळ्याच्या चाळीपर्यंत ते पोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? वायनाडनंतर केंद्रीय गृहमंत्री राज्यसभेत म्हणाले की इशारा आधीच दिला होता. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले की भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या दिवसासाठी सर्वांत खालचा, हिरवा इशारा दिला होता. हा वाद ज्यांच्यावरून झाला ते ऐकायला उरले नव्हते.

त्याच वायनाडात कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने गावोगावी पर्जन्यमापक बसवले असून स्थानिक माणसेच पावसाची नोंद घेतात. त्या नोंदींवरून आदल्या दिवशी, २९ जुलैला, मुंडक्कै भागाला धोका असल्याचे जिल्हा प्रशासनाला कळवले गेले होते. महाराष्ट्रातील वाचकांना माळीण आठवेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाव जागेवर नाही, हे जगाला प्रथम कळवले ते एसटीच्या चालकाने. डोंगरात रोज वावरणारा कामगार हा केवळ आपद्‌ग्रस्त नाही, तो निरीक्षकही आहे. संशोधनाने त्याला भागीदार करून घ्यावे.

आणखी एक मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. मळेवाल्याने दिलेले घर कोसळून कामगार वा त्याच्या कुटुंबातील कोणी दगावले तर भरपाई मालकाने द्यावी, अशी तरतूद १९८१ च्या दुरुस्तीने मळा कामगार कायद्यात आली. परंतु नैसर्गिक आपत्तीने घर कोसळल्यास मालकाला सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती सूट तशीच आहे. आमचा सरळ प्रश्न आहे: ज्या उताराला सरकारच्याच नकाशावर धोक्याचा रंग दिला आहे, त्या उताराच्या पायथ्याशी मालकाने कामगाराला ठेवले आणि दरड आली, तर ती केवळ नैसर्गिक आपत्ती कशी? पाऊस निसर्गाचा, पण चाळीची जागा मालकाने ठरवलेली. धोका माहीत झाल्यावर जबाबदारी टाळता येत नाही. संशोधनाचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा: एक, धोक्याचे नकाशे मळानिहाय, कामगारांच्या भाषेत, प्रत्येक वसाहतीत लावावेत. दोन, प्रत्येक मळ्यात पर्जन्यमापक असावा आणि त्याची नोंद ठेवणाऱ्या कामगाराला ते काम म्हणून वेतन मिळावे. तीन, इशारा आल्यावर काम थांबवून स्थलांतर करणाऱ्यांची मजुरी कापू नये. इशारा कधी खोटाही ठरेल. पण रोज बुडेल या भीतीने माणूस चाळ सोडत नसेल तर खरा इशाराही वाया जाईल. चार, धोक्याच्या उतारावरील चाळी मालकाच्या खर्चाने हलवाव्यात आणि ज्ञात धोक्याच्या जागी 'नैसर्गिक आपत्ती'ची सूट रद्द करावी.

मळ्यांतील आमच्या साथींना विनंती आहे की पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये. आपल्या मळ्याचा नकाशा व्यवस्थापनाकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे आजच लेखी मागावा आणि पोचपावती जपून ठेवावी. उद्या 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय कोणालाही राहता कामा नये.