पत्रकारितेचा डिप्लोमा घेताय? फी भरण्याआधी कागद तपासा

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर 'पत्रकार व्हा'च्या जाहिराती फिरू लागतात. कुठे सहा महिन्यांचा कोर्स, कुठे दोन वर्षांचा, वर 'प्रेस कार्ड मोफत'. गावाकडची पोरं त्या कार्डालाच भुलतात. सरकारी अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही प्रत्यक्ष पत्रकारिता करणाऱ्याला. क्लासची फी भरून ती मिळत नाही.

अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन पुढे पदवी पूर्ण करता येते. आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला डिप्लोमा आहे. पण तो मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमातून. गाळ्यात चालणाऱ्या खासगी क्लासचं प्रमाणपत्र तिथे धरत नाहीत. पदवी नसली की पुढची वाट अडते. अमरावतीच्या आयआयएमसीत मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला पदवी लागतेच.

तेव्हा आई-वडिलांनी कॉलेजात पहिला प्रश्न फीचा नाही, संलग्नतेचा विचारावा. कोणतं विद्यापीठ? त्याच्या संकेतस्थळावर हे कॉलेज आणि हा कोर्स दिसतो का? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कॉलेजचं नाव येतं का? नुसत्या 'युनिव्हर्सिटी' शब्दावर जाऊ नये. यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरचंही नाव आलेलं आहे.

शहरात राहण्याचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या कॉलेजातून साधं बी.ए. करावं, सोबत स्थानिक वार्ताहराच्या हाताखाली बातमी लिहायला शिकावं. बिनमान्यतेच्या डिप्लोमापेक्षा ते कधीही परवडतं.