दूरच्या पटावरचा पहिला धडा

दिवाळी सरली की घाटंजीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. दुकानात बसणाऱ्यांना मग जेवायला उसंत उरत नाही. अशा हंगामात घरातील बारा वर्षांच्या मुलाकडे पाहायला कोणाला वेळ असतो? तो एका कोपऱ्यात वडिलांचा फोन घेऊन बसतो आणि बोटाने पडदा सरकवत राहतो.

असे एक घर कल्पावे. दोन भाऊ, एक पेढी, पुढे वाटणी. थोरला भाऊ नागपूरला गेला, धाकटा घाटंजीच्या दुकानात राहिला. भांडण म्हणावे असे काही झाले नाही, पण फोनवरचे बोलणे हळूहळू हिशेबापुरते उरले. एके संध्याकाळी धाकट्याच्या फोनवर थोरल्याचा एक दुवा आला, तो पुतण्यासाठी होता. दुवा उघडताच पडद्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला, आणि खाली दोनच शब्द होते: “खेळतोस का?”

मुलाला मोहऱ्यांच्या चाली ठाऊक होत्या. त्या त्याला आजोबांनी शिकवल्या होत्या, पण देशी पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते, आणि शह लागलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे मिळतात. राजाच्या उडीऐवजी किल्लेकोट असतो, म्हणजे राजा दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे उभा राहतो. काकांनी आधी हा फरक समजावला. मग एवढेच लिहिले, “आता तुझी चाल.”

पहिला डाव सहा-सात चालींतच कलला. मुलाने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले, काकांनीही तसेच उत्तर दिले. दुसऱ्याच चालीला मुलाचा वजीर तिरका धावत पटाच्या कडेला पोचला. मागोमाग उंट आला. चार चालींत मात करण्याचा तो प्रसिद्ध बेत होता, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिकलेला. काकांनी एक घोडा काढला, एका प्याद्याने वजिराला हुसकावले, वजिराने पुन्हा नेम धरताच दुसरा घोडा आडवा घातला. बेत तेथेच अडला. मुलाला पुढे काय करावे ते सुचेना, म्हणून त्याने उजव्या टोकाचे प्यादे उगीच एक घर सरकवले. तेवढ्यात काकांच्या पहिल्या घोड्याने पटाच्या मध्यावर उडी घेतली. त्याचा रोख वजिरावर होता. वजीर भलतीकडे गेला असता तर त्याच घोड्याने एक प्यादे मारून राजाला शह दिला असता आणि कोपऱ्यातला हत्तीही उचलला असता. वजीर मुकाट्याने मूळ घरी परतला. तो परतताच राजापुढच्या प्याद्याचा जोर गेला, आणि दुसऱ्या घोड्याने ते टिपले.

येथे काका थांबले. त्यांनी विचारले, “तुझ्या सहा चालींपैकी वजिराच्या किती?”

“तीन.”

“आणि वजीर आता कुठे आहे?”

“जिथून निघाला तिथेच.”

“मग त्या तीन चालींचं काय मिळालं?”

व्यापाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. भांडवल तीनदा फिरवले, हाती काही आले नाही, वर एक प्यादे गेले. बुद्धिबळातील पहिले भांडवल वेळ आहे, आणि प्रत्येक चाल हा त्या वेळेचा खर्च आहे, हे तो त्या एका प्रश्नात शिकला. उपदेशाच्या दहा वाक्यांनी हे साधले नसते.

दुसऱ्या डावाआधी काकांनी सुरुवातीचे चार नियम लिहून पाठवले. पटाच्या मधल्या चार घरांवर ताबा ठेवावा, कारण मध्यावरचा घोडा आठ घरांवर नजर ठेवतो आणि कोपऱ्यातला फक्त दोन. घोडे आणि उंट लवकर बाहेर काढावेत. सबळ कारण नसेल तर एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये. दहाव्या चालीच्या आसपास किल्लेकोट करून राजाला सुरक्षित करावे. वजिराचे काम त्यानंतरचे.

मोहऱ्यांचे मोलही त्यांनी सांगितले. प्यादे एक धरले तर घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ. राजाला मोल नाही, तो गेला की पेढीच बंद. मुलाने ही यादी पाठ केली आणि पुढच्या डावात नेमकी तिचीच ठेच खाल्ली. फुकट मिळणारा घोडा दिसताच त्याने तो मारला, आणि दोन चालींत त्याच्यावर मात झाली. काकांचे उत्तर दुकानातलेच होते. माल स्वस्त का मिळतो, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. समोरच्याची प्रत्येक चाल पाहून आधी एकच प्रश्न विचारावा: त्याला यातून काय हवे आहे? नवशिक्याचे निम्मे पराभव हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

दूर बसून शिकवायला परजाळावरचा पट फार सोयीचा आहे. लिचेससारखे संकेतस्थळ विनामूल्य आणि जाहिरातींविना चालते, त्याचा खर्च देणग्यांतून भागतो. तेथे मानांकन न बदलणारा मैत्रीचा डाव मांडता येतो. एका चालीला एक किंवा अधिक दिवसांची मुदत ठेवता येते. त्यामुळे दुकान सांभाळणारा माणूस गिऱ्हाईक गेल्यावर एक चाल करतो, आणि मुलगा शाळेतून आल्यावर दुसरी. समोरच्याची संमती असेल तर केलेली चाल परतही घेता येते. खरी शिकवण या परतीच्या सोयीपाशी सुरू होते.

सगळ्याच चाली परत दिल्या तर मूल विचार करणे सोडते. एकही दिली नाही तर ते खेळणे सोडते. काकांनी तोड काढली. एका डावात तीन वेळा चाल परत मिळेल, पण मागताना चूक काय झाली ते एका वाक्यात लिहायचे. पहिल्या आठवड्यात मुलगा लिहीत असे, “घोडा गेला.” महिन्याभराने तो लिहू लागला, “घोड्याला जोर नव्हता, मी उंटाकडे पाहत होतो.” पहिल्या वाक्यात नुकसान होते, दुसऱ्यात त्याचे कारण आले. पुढे पुढे तीनपैकी दोन परती शिल्लक राहू लागल्या.

दुसरा मोह शिकवणाऱ्याचा असतो. मुलाचा चेहरा पडू नये म्हणून मुद्दाम हरण्याचा. मुलाला ते बहुधा कळते, आणि न कळले तर अधिकच वाईट, कारण आपले काय बरोबर आले याचा त्याला चुकीचा हिशेब मिळतो. त्यापेक्षा जुनी रीत चांगली आहे. जाणत्याने आपला वजीर किंवा एक हत्ती आधीच उतरवून खेळावे. मग दोघेही पूर्ण ताकदीने लढतात, आणि मुलाने मिळवलेला विजय खरा असतो.

तिसरा मोह दोघांचाही आहे. आजचे संगणक जगज्जेत्यांपेक्षा वरचढ खेळतात, आणि तसा संगणक त्याच फोनमध्ये असतो. डाव चालू असताना त्याला चाल विचारणे म्हणजे न दिलेली वस्तू घेणे. जैन घरात याला काय म्हणतात ते मुलाला सांगावे लागत नाही. डाव संपल्यावर मात्र त्याची मदत जरूर घ्यावी, पण आधी स्वतः डाव पुन्हा मांडून आपली चूक शोधावी आणि मगच त्याचे मत पाहावे.

काही घरांतील वडीलधारी मंडळी पटाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. सप्तव्यसनांत द्यूताचा उल्लेख पहिला येतो, तेव्हा ही शंका अनाठायी नाही. पण द्यूताचे मूळ पैजेत आणि नशिबावर टाकलेल्या भारात आहे. बुद्धिबळात फासा नाही, आणि घरातल्या डावावर पैजही नसावी. पथ्य पाळायचे ते वेळेचे. रात्री उशिरापर्यंत एका मिनिटाचे डाव एकामागून एक खेळणे ही झिंग आहे, ते शिक्षण नव्हे. नवशिक्याने दिवसाला एकच डाव सावकाश खेळावा. अनोळखी लोकांशी गप्पांची सोय लहान मुलांसाठी बंद ठेवावी.

हा खेळ महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय महिला विजेतेपदे घरी आणली, आणि १९८१ साली रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. विदर्भाला तर ताजे उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर अनुभवी कोनेरू हम्पी होती. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकीही पहिला बरोबरीत गेला, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने निर्णय लावला. घाई न करता बरोबरी धरून ठेवणे हीही एक ताकद आहे, हे अशा लढतीतून दिसते. प्रत्येक मूल दिव्या होणार नाही, होण्याची गरजही नाही. संयमाची ही सवय मात्र गल्ल्यावर बसणाऱ्यालाही कामी येते.

दोन महिन्यांनी मुलाने काकांविरुद्ध प्रथमच आघाडी घेतली. काका हत्तीविना खेळत होते. आघाडीवर असताना मोठे मोहरे मारामारीत संपवावेत, हे त्याला आता ठाऊक होते. तसे करत करत पटावर दोन राजे आणि त्याचे एक प्यादे उरले. प्याद्याचा वजीर करण्याच्या उतावळेपणात त्याने ते सातव्या ओळीपर्यंत एकटेच पळवले. त्याच्या पुढच्या घरात काकांचा राजा ठाण मांडून बसला. प्याद्याला जोर द्यायला मुलाने आपला राजा त्याच्या मागे आणला. काळ्या राजाला शह नव्हता, पण हलायला एकही घर नव्हते. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. काकांनी लिहिले, “प्यादं पुढे आणि राजा मागे, इथेच चुकलं. अशा अखेरीस राजाने पुढे होऊन वाट मोकळी करायची आणि प्याद्याने मागून यायचं. तुझा राजा सहाव्या ओळीत प्याद्याच्या पुढे उभा असता, तर चाल कोणाचीही असो, तू जिंकला असतास. टोकाचं प्यादं असेल तर मात्र हे चालत नाही.”

वडील दुकान बंद करून नुकतेच आले होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावरून तो मजकूर वाचला आणि सहज म्हणाले, “काकांना विचार, लहानपणी माझ्याशी खेळताना हे सगळं कुठे जायचं? तेव्हा तर रोज हरायचे.”

मुलाने जसेच्या तसे लिहून पाठवले. बराच वेळ काही आले नाही. मग उत्तर उमटले, “हरत नव्हतो. तू धाकटा होतास म्हणून हरून देत होतो.”

वडिलांनी फोन हातात घेतला आणि ते वाक्य दोनदा वाचले. उत्तर त्यांनी काहीच लिहिले नाही. मुलाला जवळ बसवून विचारले, “नवा डाव मांडायचा कुठून?” मुलाने बटण दाखवले.

“हत्ती उतरवून खेळतील, पप्पा?”

“नाही. त्यांना सांग, सगळे मोहरे मांडा म्हणावं.”