वाटणीत आधी धाकट्याला निवडू द्या

रविवारी उपासनेत एका बाकावर बसणारे सख्खे भाऊ सोमवारी तलाठ्याच्या दारात एकमेकांकडे बघतही नाहीत, असे आपल्या मंडळ्यांत घडते आहे. भांडण कशाचे, तर विहिरीच्या पाळीचे, रस्त्यालगतच्या चार गुंठ्यांचे, नाहीतर बांधावरच्या आंब्याचे. अशा घरांतल्या थोरल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की उत्पत्तीचा तेरावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा.

अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरे एवढी वाढली की बेथेलजवळचा मुलूख दोघांना पुरेना. गुराखी एकमेकांशी भांडू लागले. कनानी आणि परिज्जी लोक शेजारीच राहत होते. अब्राम चुलता, वयाने आणि मानाने मोठा. आधी निवडायचा हक्क त्याचा. तरी कुठल्या बाजूला जायचे ते त्याने लोटाला ठरवू दिले आणि उरेल ती बाजू आपली मानली. लोटाने भरपूर पाण्याचे यार्देनेचे खोरे उचलले. पुढे लोट कैद झाला तेव्हा हाच चुलता ३१८ माणसे घेऊन त्याला सोडवायला धावला. मनात अढी असती तर गेला असता का?

अब्राम काही जन्माचा उदार नव्हता. आदल्याच अध्यायात, दुष्काळात मिसरला गेल्यावर, जिवाच्या भीतीने त्याने बायकोला बहीण म्हणवले आणि ती फारोच्या घरी नेली गेली. देवानेच दोघांना त्यातून सोडवले. ज्याने तेव्हा सांभाळले तो आताही सांभाळील, या भरवशावर त्याने हात मोकळा सोडला, असे मला वाटते. हा भरवसा आपल्यालाही शिकता येतो.

मात्र सोडले की दुपटीने मिळेल, असा हिशेब मांडू नका. देवाने सारा देश द्यायचे वचन दिले होते, तरी त्याची बायको सारा वारली तेव्हा तिला पुरायला अब्रामाच्या, म्हणजे पुढच्या अब्राहामाच्या, मालकीची जागा नव्हती. एफ्रोन हित्तीला ४०० शेकेल रुपे मोजून त्याने मकपेलाचे शेत आणि गुहा विकत घेतली. हयातीत एवढीच जमीन त्याची झाली. तरीही त्याचा विश्वास ढळला नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोडायचे ते ज्याच्या हातात जोर आहे त्याने. लग्न झालेल्या बहिणीला किंवा विधवा भावजयीला त्यागाचे वचन ऐकवून हक्कसोडपत्रावर सही घेणे ही उघड लुबाडणूक आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलामुलींना सारखाच वाटा मिळतो. तिने स्वखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी. पण तिला विचारणारा आवाज भावाचा असावा, वकिलाचा नव्हे.

तेव्हा थोरल्यांनो, कोर्टाची पुढची तारीख यायच्या आत धाकट्याला आणि बहिणीला घरी बोलवा. सरकारी मोजणी करून घ्या, वाटे पाडा, सगळे रीतसर कागदावर आणा. पण नकाशा आधी त्यांच्यापुढे ठेवा.