निरोप्याला शिक्षा

गेल्या पावसाळ्यानंतर सुरतेला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या २०११ सालच्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, तर कोड आला पी ०१७१. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला, काही हजारांचे बिल झाले. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या एका जाणकाराने तर सांगितले, ‘दिव्याचा बल्बच काढून टाका.’

एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ चा नियम आधी ज्या १३ शहरांत आला, त्यांत सुरत होते. त्याबरोबर नव्या गाड्यांत स्वतःचे दोष नोंदवून ठेवणारी यंत्रणा आली. त्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांचे कोड गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचले. स्कॅनरही स्वस्त झाला. पण कोड वाचणे वेगळे आणि समजणे वेगळे.

पी ०१७१ म्हणजे काय? इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच. सेन्सर बिघडला आहे, असे तो कोड म्हणतच नाही.

शेवटी गाडी उधन्याला एका मेस्त्रीकडे नेली. हा मूळचा खानदेशी. उधना-लिंबायत भागात मराठी माणूस भरपूर. त्याने कोड लिहून घेतला आणि म्हणाला, ‘भाऊ, गाडी रात्री इथेच राहू द्या. सकाळी थंड इंजिन ऐकायचंय.’

सकाळी गाडी सुरू केली, तर बारीक टिक-टिक. इंजिन तापले तशी ती बंद झाली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटलेले, भोवती काजळीची रेघ. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसे, म्हणून संगणक जादा पेट्रोल सोडत राही. अ‍ॅव्हरेज का घसरला होता, तेही उमगले. नवे गॅस्केट बसले, दिवा विझला तो विझलाच.

म्हणजे जुना सेन्सर बिचारा खरेच सांगत होता. निरोप आणणाऱ्यालाच आपण हाकलले!

आता कुणी म्हणेल, बघा, जुन्या मेस्त्रीच्या कानापुढे यंत्र फिके. मला ते पटत नाही. कोड नसता तर कान कुठे लावायचा, हे त्यालाही कळले नसते. कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे. तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग तपास करायचा, एवढे साधे काम. पण आपल्याला तपासाचा कंटाळा. म्हणून आपण सुटे भाग बदलतो, कोड पुसतो, नाहीतर बल्ब काढतो. गोव्यात काय आणि सुरतेत काय, घरात, शाळेत, पंचायतीत, तक्रार करणाऱ्याचे आपण हेच करतो.

तुमच्या गाडीत असा दिवा लागला, तर ‘काय बदलायचे?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कोड कोणता, आणि तो का आला?’ दुसऱ्या प्रश्नाला जो थांबून उत्तर देईल, त्याच्याच हाती किल्ली द्या.