इंजिन बसले, आता काय?

गेल्या महिन्यात आमची जुनी ओम्नी व्हॅन रस्त्यातच बंद पडली. काटा लाल रेघेवर गेला होता, तरी 'आलेच घर' म्हणत आम्ही २ किलोमीटर दामटली. चूक आमचीच. मेकॅनिकने ऑईलची पट्टी काढून दाखवली. ऑईल दुधाळ झालेले! म्हणजे पाणी आत उतरले होते.

भाऊ म्हणाला, भंगारात काढू, हप्त्यावर नवी घेऊ. हप्ता ९,००० रुपये, ५ वर्षे. वहिनींनी विचारले, "आणि पोरीची फी?" (त्यांचे जेवणाचे डबे याच व्हॅनने कारखान्याच्या गेटवर जातात.)

आम्ही आधी इंजिन खोलायला सांगितले. नुसते गॅस्केट जळून हेड वाकले असेल, तर हेडला फेसिंग करून स्वस्तात भागते. क्रँकच्या बेअरिंगवर चरे पडले असतील, तर पूर्ण इंजिनकाम. आमचे दुसरेच निघाले. खर्च ३०,०००. चालू गाडीला ७०,००० येतात. बंद गाडीला भंगारवाला २०,०००च्या वर जाईना. दुसरे जुने इंजिन थोडे स्वस्त पडले असते, पण त्याचा नंबर आरटीओकडे आरसी बुकात चढवावा लागतो. कागद नसलेले इंजिन कोण घेणार?

काम केले. व्हॅन २०१२ सालची, म्हणून २०२७मध्ये नोंदणीचे नूतनीकरण आहेच. त्याची फी एप्रिल २०२२पासून ६००ची ५,००० रुपये झाली. ते पैसे वहिनी आतापासून डब्यात टाकतात. भाऊ अजून फुरंगटलेलाच आहे.