बक्षीस कोणाच्या पैशातून?

खरेदीवर बक्षीस देणाऱ्या संकेतस्थळाचा व्यवसाय वरवर सोडतीचा वाटला, तरी त्याचा पाया दलालीचा असतो. ग्राहक अशा संकेतस्थळावरून विक्रेत्याकडे जातो, खरेदी करतो आणि विक्रेता त्या विक्रीवर ठरलेले कमिशन संकेतस्थळाला देतो. या कमिशनचा काही भाग प्रत्येक ग्राहकाला थोडा थोडा परत केला तर त्याला कॅशबॅक म्हणतात, आणि तोच भाग एकत्र करून मोजक्या ग्राहकांना दिला तर ते बक्षीस होते. खर्च तेवढाच, पण बक्षिसाचा गाजावाजा अधिक होतो, कारण कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस अत्यल्प शक्यतेला तिच्या लायकीपेक्षा जास्त वजन देतो. हजाराच्या खरेदीवर सुटलेले बारा रुपये कोणाच्या लक्षात राहत नाहीत. स्कूटर लागली तर ती गावभर होते.

मराठवाड्याला याचे सर्वांत ठळक उदाहरण ठाऊक आहे. नोटाबंदीनंतर नीती आयोगाने २५ डिसेंबर २०१६ ते १४ एप्रिल २०१७ या काळात राबवलेल्या लकी ग्राहक योजनेत एक कोटीचे महाबक्षीस लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला मिळाले, तेही मोबाइलच्या १,५९० रुपयांच्या हप्त्यापोटी केलेल्या कार्ड-व्यवहारावर. लोकांच्या स्मरणात कोटीचा आकडा राहिला. योजनेतील खरी कल्पकता मात्र रोज १५,००० ग्राहकांना मिळणाऱ्या हजार रुपयांत होती, कारण शेजारच्याला बक्षीस लागल्याचे दिसल्याशिवाय पुढच्या सोडतीवर कोणाचा विश्वास बसत नाही. अर्थात, व्यापाऱ्यांच्या जोडयोजनेसह अंदाजे ३४० कोटींचा खर्च सरकारी तिजोरीतून होता आणि नफा दाखवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या पुढे जालना रस्त्यावर वसलेल्या करमाडमध्ये एखाद्या तरुणाने असे संकेतस्थळ काढायचे ठरवले, तर पहिली अडचण तिजोरीचीच येईल. मोठ्या कंपन्यांच्या कमिशनवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. अ‍ॅमेझॉनच्या संलग्न भागीदारांसाठीच्या प्रमाण अटी, दुव्यावरून खरेदी करणाऱ्याला पैसे, गुण वा सवलतीचे आमिष दाखवण्यास मनाई करतात. त्यामुळे कमिशन करमाडच्या आणि आसपासच्या दुकानदारांशी बोलून ठरवणेच श्रेयस्कर, आणि तेही मालाचा प्रकार पाहून: युरियासारख्या नियंत्रित दराच्या मालात दुकानदाराकडेच फारसे काही उरत नाही, कापड, चप्पल, भांडी, मोबाइलची कव्हरे यांत उरते.

समजा महिन्याला प्रत्येकी हजार रुपयांच्या दहा हजार ऑर्डर आल्या आणि चार टक्के कमिशन ठरले, तर कागदावर चार लाख दिसतात. त्यातील पाचवा हिस्सा माल परत आला, किंवा ‘घरी आल्यावर पैसे’ म्हणणाऱ्याने पार्सल घेतलेच नाही, तर ३,२०,००० उरतात. म्हणून सोडत परतीची मुदत संपल्यावरच, पक्क्या झालेल्या कमिशनमधून काढावी. आधी काढली, तर मागवायचे, बक्षीस उचलायचे आणि माल परत करायचा, हा उद्योग काही हुशार ग्राहक पहिल्याच महिन्यात सुरू करतील. चाळीस टक्के बक्षिसांना ठेवले तर १,२८,००० होतात. त्यांतून शंभर रुपयांची एक हजार आणि सात हजारांची चार बक्षिसे निघतात. पूर्ण झालेल्या दर आठ ऑर्डरींमागे एक बक्षीस पडते आणि संकेतस्थळाच्या खर्चाला व नफ्याला १,९२,००० राहतात.

याच पैशात एक स्कूटर देण्याचा मोह आवरावा, यामागे कराचेही कारण आहे. सोडतीतील दहा हजारांवरील बक्षिसावर प्राप्तिकराची तीस टक्के कपात लागते (त्याखाली कपात नसली तरी उत्पन्न करपात्रच), आणि बक्षीस वस्तुरूप असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ते हाती द्यावे लागते. लाखाच्या स्कूटरसाठी विजेत्याकडे आधी तीस हजार मागायचे, म्हणजे नामवंत संकेतस्थळांच्या नावाने बनावट स्क्रॅच कार्डे पाठवून ‘आधी कर भरा’ म्हणणाऱ्या ठगांचीच भाषा बोलायची. खऱ्या संकेतस्थळाने ती वेळ येऊ देऊ नये.

कायद्याची मुख्य रेषा मात्र ग्राहकाच्या खिशाशी आहे. सोडतीत भाग घेण्यासाठी वेगळे पैसे घेतले की मामला लॉटरीच्या हद्दीत जातो, आणि लॉटरी चालवण्याचा अधिकार फक्त राज्यांना आहे. दरमहा वर्गणी घ्यायची आणि ज्याचा नंबर लागेल त्याचे पुढचे हप्ते माफ करायचे, ही गावोगावी ओळखीची ‘लकी ड्रॉ’ पद्धत तर १९७८ च्या कायद्याने बंद केलेली आहे. पैसे न घेताही सुटका होतेच असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेली सोडत वा नशिबाचा खेळ, विहित अपवाद सोडता, अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. पेमेंट अ‍ॅपांवरील स्क्रॅच कार्डांचा सुळसुळाट पाहता ही तरतूद कोणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. परंतु मोठ्या कंपनीला परवडणारा खटला करमाडच्या तरुणाला परवडणार नाही, तेव्हा वकिलाचा सल्ला संकेतस्थळाच्या आराखड्याआधी घ्यावा.

योजनेचा निकाल दडवणे हीदेखील त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. प्रत्येक सोडतीनंतर ऑर्डर क्रमांक, बक्षिसाची रक्कम आणि त्या महिन्याचे जमा कमिशन संकेतस्थळावर व सहभागी दुकानांच्या फलकावर लावले, तर संशयाला जागा उरणार नाही. यातील कमिशनचा आकडा दुकानदारांना रुचणार नाही, कारण तो उघड झाला की ग्राहक तेवढी सूट थेट गल्ल्यावरच मागू लागेल.